सिकल सेलचा अहवाल वाचताना : 'पॉझिटिव्ह' या शब्दाने नेमके काय कळते?

जांभळी_नळी, इंदूर (धागालेखक)

नमस्कार. मी इंदूरमध्ये एकतीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात धारच्या बाजूचे एक जोडपे सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या रामबागेतल्या घरी आले. त्यांच्याजवळ घडी घालून मऊ पडलेला एक कागद होता आणि त्यावर निकालाची एकच ओळ होती : 'सिकल सोल्युबिलिटी : पॉझिटिव्ह.' सिकल सेल हा तांबड्या पेशी विळ्यासारख्या करणारा आनुवंशिक आजार. त्या ओळीवरून कोणीतरी त्यांना सांगून टाकले होते की हा मुलगा फार वर्षे काढणार नाही. आईचे डोळे सुजलेले होते आणि मुलगा आमच्या जिन्यावर वरखाली धावत होता, त्याला दमही लागत नव्हता. पुढची तपासणी झाली तेव्हा तो केवळ वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष मिळालेला, असल्याचे निघाले. त्याला आजार नव्हता आणि होणारही नव्हता.

याच्या नेमकी उलट गोष्ट मी नोकरीत असताना पाहिली होती. अलीराजपूरकडच्या चार वर्षांच्या एका मुलीला एका खासगी प्रयोगशाळेने एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी यंत्रतपासणी) करून 'वाहक' ठरवले होते. मुलगी पिवळी पडलेली, पानथरी हाताला लागेल एवढी वाढलेली आणि हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडणारी. वाहकाला असे होत नाही, म्हणून मी वडिलांना खोदून विचारले, तेव्हा कळले की तपासणीच्या पंधरा दिवस आधी तिला रक्त चढवले होते. यंत्राने दात्याचे निरोगी हिमोग्लोबिन आणि तिचे स्वतःचे हिमोग्लोबिन एकत्र मोजले होते आणि त्या मिश्रणाचा आलेख वाहकाच्या आलेखासारखा दिसला होता. आई-वडील दोघेही वाहक निघाले. साडेतीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर मुलीला सिकल सेलचा आजार असल्याचे स्पष्ट झाले. मधला सगळा काळ तिचे उपचार 'अशक्तपणा' या नावाखाली चालले होते.

एका घरात नसलेला आजार सांगितला गेला आणि दुसऱ्या घरात असलेला आजार नाकारला गेला. दोन्ही ठिकाणी यंत्र किंवा रसायन बिघडलेले नव्हते. ती तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे कागद वाचणाऱ्याला ठाऊक नव्हते. त्यासाठीच मी हा धागा काढत आहे.

सोल्युबिलिटीची नळी कशी काम करते ते आधी सांगतो. नळीतल्या द्रावणात सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट असते. त्यात बोटाच्या रक्ताचा थोडा अंश टाकला की सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते आणि डायथायोनाइट बाहेर आलेल्या हिमोग्लोबिनमधील ऑक्सिजन काढून घेते. ऑक्सिजन गेलेले 'एस', म्हणजे सिकल सेलमधले सदोष, हिमोग्लोबिन त्या द्रावणात विरघळत नाही, त्यामुळे नळी गढूळ होते. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. म्हणजे ही नळी एवढेच सांगते की या रक्तात 'एस' आहे. ते एका पालकाकडून आले आहे की दोघांकडून, हे ती सांगूच शकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि फार पंडुरोग असलेल्या रुग्णात 'एस' असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते.

हा भेद विज्ञानाला नवा नाही. वेस्ट इंडीजमधून शिकागोला आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकते हे दाखवले आणि वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र असतात हेही त्याच कामातून पुढे आले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. पाऊणशे वर्षांपूर्वी वेगळे ओळखता येत होते ते दोन गट आजही एका 'पॉझिटिव्ह' शब्दाखाली घरी पाठवले जातात, याचे मला मनापासून दुःख आहे.

आश्रमशाळा_बडवानी

साहेब, आपण हा विषय काढलात याबद्दल आभार. मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून आमच्याकडे तपासणीची शिबिरे होतात. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट आहे, हे आम्हाला सांगितले गेले आहे. काम चांगले आहे आणि मुलांची यादी करण्यात मी स्वतः मदत केली आहे.

माझी अडचण वेगळी आहे. ज्यांच्या कागदावर नुसते 'पॉझिटिव्ह' लिहिले आहे, त्या मुलांना पालक खेळायला पाठवत नाहीत. दोन मुलींना तर शाळेतून काढून नेले, कारण 'आता शिकून काय करायचे' असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले. मला पालकांना समजेल अशा भाषेत सांगायचे आहे की वाहकाला त्रास का होत नाही आणि रुग्णाला का होतो. दोघांच्याही रक्तात 'एस' आहे, मग फरक कुठे पडतो?

सूक्ष्मदर्शी

सर, मी जीवशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे, इंदूरचीच. तांबड्या पेशी हाच माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की 'एस' तयार होते. व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये हे शोधले. ग्लुटामिक आम्लाला पाण्याचे आकर्षण असते आणि व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. रेणूने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते. पहिल्या रेणूचे व्हॅलिन त्या खोबणीत जाऊन बसते, मग तिसरा रेणू दुसऱ्याला चिकटतो आणि अशा रीतीने चौदा पदरांचा एक ताठ दोर तयार होतो. पेशीच्या आत असे दोर वाढले की ती ताणली जाते आणि विळ्याचा आकार घेते.

मात्र हा दोर लगेच तयार होत नाही. सुरुवातीचे काही रेणू एकत्र येईपर्यंत थोडा अवधी जातो आणि हा विलंब 'एस'च्या तीव्रतेवर विलक्षण अवलंबून असतो. विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांच्या प्रयोगांत तो तीव्रतेच्या साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो असे आढळले. म्हणजे पेशीतले पाणी जरासे कमी झाले आणि हिमोग्लोबिन थोडे दाट झाले, तरी विलंब कितीतरी पटींनी घटतो. केशवाहिनीतून पेशी साधारण काही सेकंदांत पार होते. विलंब त्याहून मोठा असेल तर पेशी फुप्फुसांकडे परत जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते आणि वाचते. विलंब कमी असेल तर ती अरुंद जागीच ताठ होते.

वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन निरोगी 'ए' असते. त्यामुळे 'एस' विरळ राहते, विलंब लांबतो आणि रोजच्या आयुष्यात पेशी विळ्यासारखी होतच नाही. पालकांना सांगताना असे सांगता येईल की गर्दीत एकमेकांचे हात धरणारी माणसे निम्म्याहून कमी असतील, तर साखळी जुळण्याआधीच वाट मोकळी होते.

रुग्णाच्या पेशी पुन्हा पुन्हा ताणल्या गेल्याने त्यांच्या आवरणातून पोटॅशियम आणि पाणी बाहेर पडते, त्या आणखी दाट होतात आणि पुढच्या वेळी आणखी लवकर ताठ होतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. डोळे पिवळे होतात ते यामुळेच. ताप, जुलाब, उन्हातले श्रम आणि थंड पाण्यातली आंघोळ यांनंतर दुखणे का उसळते, याचे उत्तरही बरेचसे याच दाटपणात आणि आकसलेल्या रक्तवाहिन्यांत आहे. त्यामुळे 'रुग्ण मुलांना वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या' या सूचनेमागे पेशीचे पूर्ण गणित आहे, हे आपण शाळेत जरूर सांगावे.

जांभळी_नळी

सूक्ष्मदर्शी यांनी फार नेमके लिहिले आहे. गर्दीचे उदाहरण मी यापुढे वापरणार आहे.

सरांसाठी एचपीएलसीचा आलेख कसा वाचतात ते सांगतो. हे यंत्र रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून प्रत्येकाची टक्केवारी देते. वाहकात 'ए' जास्त आणि 'एस' साधारण ३५ ते ४० टक्के असते. सोबत अल्फा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याचा) दोष असेल, आणि पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये तो पुष्कळदा असतो, तर 'एस' त्याहूनही खाली येते. आजार असलेल्या व्यक्तीत, रक्त चढवलेले नसेल तर, 'ए' जवळपास नसतेच. 'एस' ७० टक्क्यांच्या वर आणि उरलेला बराचसा भाग 'एफ' म्हणजे गर्भातले हिमोग्लोबिन असतो. म्हणून 'ए' आणि 'एस' दोन्ही असतील तर आधी त्यांतले जास्त कोणते ते पाहावे, आणि तो आकडा वाचण्याआधी रक्त कधी चढवले होते ते विचारावे. दात्याच्या पेशी तीन-चार महिन्यांपर्यंत टिकतात. तेवढे थांबता येत नसेल तर आई-वडिलांची तपासणी करावी किंवा जनुकाची तपासणी करावी, कारण दात्याच्या तांबड्या पेशींना केंद्रक नसते आणि त्या जनुकाच्या निकालात सहसा गोंधळ घालत नाहीत.

तान्ह्या बाळांचे थोडे वेगळे आहे. जन्मतः बाळाच्या रक्तात मुख्यतः हेच 'एफ' असते आणि ते 'एस'च्या दोरात सामील होत नाही. आजार असलेले बाळही पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि सोल्युबिलिटीची नळी स्वच्छ राहते. पण बाळ ओळखण्याची खरी वेळ हीच असते. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत तीन वर्षांखालील रुग्ण बालकांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकोकस या जिवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. पानथरी निकामी होण्याआधी बाळ ओळखले, तरच हा लाभ मिळतो. प्रतिपिंडांवर चालणाऱ्या ज्या पट्ट्या आता शिबिरांत येत आहेत, त्यांचे मोल यासाठी मोठे आहे. बोटाच्या एका थेंबात त्या 'ए' आणि 'एस' यांच्या वेगवेगळ्या रेघा दाखवतात, त्यामुळे वाहक आणि रुग्ण जागेवरच वेगळे करता येतात. मात्र रक्त चढवल्यानंतरची चूक पट्टीतही तशीच होते.

मूळ_भंडारा

दादा, मी हा धागा दोन दिवस वाचत आहे आणि आता लिहायचे धाडस करते. आमचे मूळ घर भंडाऱ्याकडचे, दोन पिढ्यांपासून आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. सिकल सेल हा फक्त आदिवासींचा आजार आहे असे इथे अनेकांना वाटते. विदर्भात तो इतर समाजांतही आहे आणि आमच्या घरात माझ्या दिरांच्या मुलाला होता. माझी मुलगी वाहक आहे, तिची एचपीएलसी आम्ही ती कॉलेजात असतानाच करून घेतली होती.

आता तिचे लग्न ठरत आले आहे. मुलगा तिच्याच कार्यालयातला आहे, सिंधी कुटुंबातला, आणि दोन्ही घरांची संमती आहे. त्यांच्याकडून मुलाचा सोल्युबिलिटीचा अहवाल आला, तो निगेटिव्ह आहे. सगळे म्हणतात की आता काळजीचे कारण नाही. आपला धागा वाचल्यावर मात्र मला झोप लागलेली नाही. त्या मुलाची आणखी काही तपासणी करायला हवी का? त्यांना वाईट वाटेल का, हाही प्रश्न आहेच.

जांभळी_नळी

ताई, तपासणी अवश्य करायला हवी आणि लग्नाची तारीख धरण्याआधी करून घ्यावी. मुलाच्या घरच्यांना हे सरळ सांगावे, त्यात कोणाचा अवमान नाही.

सोल्युबिलिटीची नळी फक्त 'एस' शोधते. बीटा थॅलेसेमियाचा वाहक तिच्यात नेहमी निगेटिव्ह येतो, कारण त्याच्यात 'एस' नसतेच. त्याचा दोष असा की त्याचे एक बीटा जनुक साखळी कमी बनवते किंवा मुळीच बनवत नाही. सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे, हे सर्वज्ञात आहे. एका पालकाकडून 'एस' आणि दुसऱ्याकडून हे जनुक आले तर बाळात 'एस' बनते आणि त्याला विरळ करणारे 'ए' फार थोडे असते किंवा नसतेच. हा सिकल-बीटा थॅलेसेमिया होय आणि त्याचा त्रास अनेकदा सिकल सेलच्या आजाराइतकाच असतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात असे बाळ होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्या वेळी ती शक्यता बदलत नाही.

मुलाची साधी रक्तगणना आणि एचपीएलसी करून घ्या. एचपीएलसीत 'ए२' (थोड्या प्रमाणात असणारा हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) हा आकडा पाहा. तो ३.५ टक्क्यांच्या वर आणि सोबत तांबड्या पेशींचा आकार लहान, म्हणजे एमसीव्ही कमी, असेल तर तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक असण्याची दाट शक्यता असते. लोहाची कमतरता असेल तर 'ए२' खोटे खाली दिसू शकते, म्हणून शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही त्याच वेळी पाहून घ्यावे.

आणि ताई, तो वाहक निघाला तरी लग्न मोडण्याचे कारण नाही. १९७८ साली वाय. डब्ल्यू. कान आणि अँड्री डोझी यांनी गर्भाच्या डीएनएवरून सिकल सेलचे निदान करता येते हे दाखवले आणि आज गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या सुमारास वारेचा सूक्ष्म अंश घेऊन ही तपासणी होते. मुलांना आधी माहीत असले तर निर्णय त्यांच्या हातात राहतो. माझ्या नोकरीत मी जी जोडपी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांना हे पहिले आजारी मूल झाल्यावर कळले होते.

आश्रमशाळा_बडवानी

गर्दीचे उदाहरण काल पालकसभेत सांगितले. मुलांनाच हात धरायला लावून उभे केले. एका मुलीचे वडील स्वतःहून म्हणाले की सोमवारी तिला परत पाठवतो.

वर्तमानपत्रात जनुक दुरुस्त करणाऱ्या औषधाबद्दल वाचले. पालक त्याबद्दल विचारतात. त्यांना काय सांगावे?

सूक्ष्मदर्शी

सर, आशा दाखवताना आजचे औषध बाजूला पडू नये, एवढी काळजी घ्यावी. हायड्रॉक्सीयुरिया हे गोळीच्या रूपातले औषध अमेरिकेत १९९८ साली प्रौढ रुग्णांसाठी मंजूर झाले आणि आपल्या सरकारी कार्यक्रमातही ते दिले जाते. ते 'एफ' वाढवते आणि 'एफ' दोर बनू देत नाही. काकांनी तान्ह्या बाळांबद्दल जे सांगितले, तेच रक्षण औषधाने थोडेफार परत आणता येते. आपल्या भागातील अनेक रुग्णांत 'एफ' मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असते. म्हणून आजार नेहमी सौम्य असतो असे मात्र मानू नये, आपल्याकडेही तीव्र रुग्ण पुष्कळ आहेत.

जनुकाच्या उपचाराचे मूळही 'एफ'मध्येच आहे. जन्मानंतर 'एफ' बनवणे बंद करणारे प्रथिन म्हणजे बीसीएल११ए, आणि त्याची ही भूमिका २००८ च्या सुमारास स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी बाहेर काढून, तांबड्या पेशींपुरता या प्रथिनाचा स्विच क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने तोडून त्या परत देणारा कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यासाठी आधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने भारतीय क्रिस्पर उपचारावर काम केले असून नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला. याच संस्थेने २०२० मध्ये कोविडसाठी 'फेलुदा' ही कागदी पट्टीची चाचणी तयार केली होती. ते तंत्र एका अक्षराचा जनुकीय फरक ओळखते आणि सिकल सेलच्या एकाच अक्षराच्या चुकीवरही ते वापरून पाहिले गेले आहे. मला स्वतःला उपचाराइतकेच याचे महत्त्व वाटते, कारण ज्या गावात आज फक्त सोल्युबिलिटीची नळी पोहोचते, तिथे उद्या जनुक वाचणारी पट्टी पोहोचू शकेल.

मूळ_भंडारा

दादा, मुलाच्या आईशी मी स्वतः बोलले. त्या म्हणाल्या की त्यांच्या बहिणीच्या घरात थॅलेसेमियाचे मूल आहे आणि कोणी विचारले नाही म्हणून आम्हीही बोललो नाही. आज सकाळी त्याचे रक्त दिले. रक्तगणना, एचपीएलसी आणि फेरिटिन, तिन्ही सांगितले आहेत. गुरुवारी अहवाल मिळेल, त्यानंतर दोघे मिळून समुपदेशकाकडे जाणार आहेत.

आश्रमशाळा_बडवानी

साहेब, नुसते 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्या मुलांची यादी मी केली आहे, सतरा नावे आहेत. पुढच्या शिबिरात सगळ्यांची एचपीएलसी करण्याचे डॉक्टरांनी मान्य केले आहे. माझ्या बाजूने काय तयारी ठेवू?

जांभळी_नळी

सर, यादीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने वाढवा. पहिल्यात मुलाला आजवर रक्त चढवले आहे का आणि शेवटचे कधी, ते आईला विचारून लिहा. वडिलांना ते बहुधा आठवत नाही, आईला आठवते. दुसऱ्यात भावंडांची नावे आणि वये लिहा, विशेषतः घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर ते. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती सात-आठ वेळा हलकेच उलटसुलट करायला सांगा, जोराने हलवू देऊ नका, आणि इंदूरला पाठवताना थंड पेटीत ठेवा, पण बर्फाला थेट लावू नका. रक्त चढवल्याची तारीख मागणीच्या कागदावर लाल शाईने, सगळ्यात वर.

ताई, गुरुवारी अहवाल आला की 'ए२' आणि एमसीव्ही हे दोन आकडे इथे लिहा. मी संध्याकाळी पाहतो.